रेल्वेच्या वेटिंगला निदान नंबर तरी असतो

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात यंदा दहावी झालेलं पोर आहे त्यांनी पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचा, कारण त्या पोराला येता-जाता "काय, कुठे झाली अ‍ॅडमिशन?" असं विचारणारे आपणच असतो.

२८ जूनला अकरावीची पहिली यादी लागली. तेव्हापासून बोईसरला कुठल्याही चाळीत, सोसायटीत, पाड्यावर जा, एकच उत्तर ऐकू येतं. "वेटिंगला आहे, काका."

सरकारी कागदावर वेटिंग नावाचा प्रकारच नाही बरं का. तिथे 'पुढील फेरी' असते. यादीत नाव नाही म्हणजे पुढच्या फेरीसाठी पात्र. किती छान वाटतं ऐकायला! पण घरात त्याला वेटिंगच म्हणतात. आणि घरातलाच शब्द खरा आहे, कारण पोर खरोखर नुसतं बसून वाट बघतंय.

आमच्या शेजारची एक मुलगी आहे. ७१ टक्के. बाप एमआयडीसीत ठेकेदाराकडे, आई दोन घरची पोळीभाजी करते. क्लास नाही, घरात टेबल नाही, तरी ७१. निकालाच्या दिवशी पेढे वाटले. आता ती संध्याकाळी खाली येत नाही. का? तर बायका विचारतात. तिच्या वर्गातल्या दोघींना मिळालं, हिला नाही. आई म्हणते, "दादा, ही जेवत नाही नीट. जरा समजवा ना तिला."

मी गेलो समजवायला. बसलो. आणि नेहमीचं बोललो. धीर धर, होईल, एवढं काय त्यात, आयुष्य मोठं आहे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काका, माझ्या पुढे किती जण आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येईल? कॉलेजच्या गेटवरच्या शिपायाला येईल? सायबर कॅफेवाल्याला येईल? कुणालाच येणार नाही. त्या एका प्रश्नावर ही सगळी पोस्ट आहे.

जरा आकडे बघू. २०२५ मध्ये पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात अकरावी ऑनलाइन झाली. आधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरती होती. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी वेबसाइट झोपली. मग २६ मेपासून पुन्हा सुरुवात. पहिली यादी २६ जूनला यायची ती २८ ला आली. साधारण साडेदहा लाख पोरं त्या फेरीत होती. ६ लाख ३२ हजारांना कॉलेज मिळालं, त्यातल्या ४ लाख ५७ हजारांना पहिल्या पसंतीचं. चांगली गोष्ट आहे, टाळ्या. पण उरलेली चार लाखांच्या वर पोरं? त्यांना निरोप एकच : पुढच्या फेरीची वाट पाहा.

वर साहेब लोक सांगतात की राज्यात २१ लाखांच्या वर जागा आहेत, कुणीही प्रवेशापासून वंचित राहणार नाही. खोटं नाही ते. जागा विद्यार्थ्यांपेक्षा जास्तच आहेत. पण साहेब, जागा राज्यात आहेत, पोरगी बोईसरला आहे. राज्यातल्या रिकाम्या बाकावर ती लोकलने जाऊन बसणार का? विरार-डहाणू पट्ट्यात गाड्या किती आणि त्यात चढायला मिळतं किती जणांना, हे सकाळी सातला प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा एकदा. एक गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलं. मनोर, मासवणकडची पोरं तर आधी एसटी नाहीतर शेअर रिक्षा, मग पुढचं. त्यांच्यासाठी 'दुसरं कॉलेज' म्हणजे नुसतं दुसरं नाव नसतं. रोजचे दोन तास जास्त आणि रोजचे चाळीस-पन्नास रुपये जास्त, असा त्याचा अर्थ असतो.

आता रेल्वेचीच गोष्ट काढली तर पुढे ऐका. बोईसरला यूपी-बिहारकडचे कामगार भरपूर. सुट्टीला गावी जायचं म्हटलं की वेटिंग तिकीट. त्या तिकिटावर काय असतं? नंबर. वेटिंग ४१. दुसऱ्या दिवशी बघितलं तर २८. मग १२. माणूस रोज बघतो, हिशेब करतो, जमणार की नाही याचा अंदाज बांधतो, नाही जमलं तर पैसे परत किती हेही त्याला ठाऊक असतं. आणि २०२५ मध्ये रेल्वेने जाहीर केलं की चार्ट चार तासांऐवजी आठ तास आधी लावणार. कशासाठी? वेटिंगवाल्याला आधी कळावं, त्याला दुसरी सोय करायला वेळ मिळावा म्हणून.

म्हणजे एका रात्रीच्या प्रवासाच्या वेटिंगची काळजी घेणारं खातं या देशात आहे. पण दोन वर्षांच्या शिक्षणाचं, किंबहुना पुढच्या सगळ्या आयुष्याचं वेटिंग ज्याच्या नशिबी आलंय, त्याला नंबर नाही!

कुणी म्हणेल, गुणवत्ता यादीत क्रमांक असतो की. असतो. पण तो एक भलामोठा आकडा. त्या आकड्याचं मी काय करू? मी भरलेल्या कॉलेजात, माझ्या शाखेला, माझ्या प्रवर्गात माझ्या पुढे किती जण उभे आहेत आणि आत किती खुर्च्या उरल्यात, हे सांगा ना. मशीनला माहीत आहे. मशीननेच तर यादी लावली. मग जे मशीनला माहीत आहे ते पोराला का नाही सांगायचं?

आता मुद्द्यावर येतो. वेटिंगमधल्या पोरांना आपण सगळे धीर देतो. मोटिवेशनल व्हिडिओ पाठवतो. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' वगैरे. अहो, पण अपयश आलंय कुणाला? ती पास झाली आहे! ७१ टक्क्यांना अपयश म्हणता तुम्ही? तिचा धीर सुटलेला नाही. तिला अंधारात उभं केलंय. अंधारात उभ्या असलेल्या माणसाला "घाबरू नकोस" सांगण्यापेक्षा दिवा लावावा. उपदेश फुकट असतो म्हणून आपण तोच वाटतो.

आणि हा अंधार सगळ्यांसाठी सारखा नसतो, हे नीट समजून घ्या.

ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याचं पोरही वेटिंगला असतं. पण त्याने आधीच मोठ्या फीचं एक कॉलेज मनात धरून ठेवलेलं असतं, क्लासही लावलेला असतो. त्याच्यासाठी वेटिंग म्हणजे चांगल्यातून आणखी चांगलं मिळतंय का ते बघणं. ठेकेदाराकडच्या कामगाराच्या पोरीसाठी वेटिंग म्हणजे काय? बापाचा खाडा. आज कॉलेजात चौकशीला, उद्या सेतूत दाखल्याला, परवा कॅफेत फॉर्म दुरुस्तीला. हजेरी गेली की त्या दिवसाचे पैसे गेले. तीन खाड्यांनंतर ठेकेदार विचारतो, "काम करायचं आहे ना?"

पुढची साखळी बघा. प्रवेश नाही म्हणून बोनाफाइड नाही. बोनाफाइड नाही म्हणून पास नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने, पण तो कॉलेजात नाव लागल्यावर. रेल्वेची सवलतही कॉलेजच्या कागदावर. आदिवासी वसतिगृहाचा अर्ज करायचा तर तिथेही पहिला प्रश्न, प्रवेश कुठे घेतला? आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले सदतीस लोक आदिवासी आहेत. जव्हार-मोखाड्याचं पोर वसतिगृहाशिवाय पालघरला येऊन शिकणार कसं? म्हणजे एक यादी अडली की मागचे चार दरवाजे आपोआप बंद. पोर एका ठिकाणी वेटिंगला दिसतं, असतं पाच ठिकाणी.

आणि आता जे लिहितोय ते वाचून काही जणांना राग येईल. येऊ दे.

आपल्या बोईसरमध्ये वेटिंग लिस्टला एक प्रतिस्पर्धी आहे. कंपनीचं गेट. तारापूर एमआयडीसी. पोर घरी बसलंय, कॉलेज नाही, तर कुणीतरी ओळखीचा म्हणतो, "तोपर्यंत गाळ्यावर पाठव. पॅकिंगचं काम आहे. चार पैसे येतील." तोपर्यंत! या 'तोपर्यंत'ने आपल्या किती पोरांचं शिक्षण खाल्लं असेल ते मोजायला कुणी बसलेलं नाही. महिन्याने हातात पगार येतो. घरात गॅस भरला जातो, मोबाइलचा हप्ता सुरू होतो. तेवढ्यात तिसऱ्या फेरीत नाव लागतं, मेसेज येतो, पण पोर शिफ्टला असतं. प्रवेश निश्चित करायचे दोन-तीन दिवस निघून जातात. संपलं. कुणी त्याला नापास केलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. ते वाट बघता बघता गळालं. मुलीचं तर आणखी सोपं. "राहू दे, घरातलं शिकेल." पुढचं सांगायला नको.

दहावी झालेलं पोर पंधरा-सोळा वर्षांचं असतं. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. तारापूर हे रसायनांचं गाव आहे. "नुसतं पॅकिंग" म्हणणाऱ्याने आधी शेजारच्या प्लांटमध्ये काय शिजतंय ते बघावं. स्फोटाचे आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेत.

आता कुणी म्हणेल, मग काय जुनी पद्धत चांगली होती? अजिबात नाही. मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. जुन्या पद्धतीत खिडकीवरची यादी वेगळी आणि मागच्या दाराची वेगळी असायची. कुणाचा मामा, कुणाची चिठ्ठी, कुणाची पावतीशिवायची देणगी. त्यापेक्षा गुणांनी लावलेली यादी लाख पटीने बरी. पण वशिला बंद केला म्हणजे न्याय झाला असं नाही. न्याय दिसलाही पाहिजे. यादी प्रामाणिक असेल तर ती उघडी करायला भीती कसली?

दुसरा आक्षेप. "पोरांनीच फॉर्म नीट भरले नाहीत. दोन-दोन कॉलेजं टाकली." हे मात्र थोडं खरं आहे. पसंती एक ते दहा देता येते. आपल्याकडे कुणी पहिल्या नंबरला पालघरचं दांडेकर लिहितं, कुणी विरार-वसईचं एखादं, आणि तिथेच थांबतं. पण त्यांना सांगायला होतं कोण? शाळेने निकाल लावला, ग्रुप फोटो काढला आणि हात झटकले. आईबापाने कधी कॉलेज पाहिलेलं नाही. फॉर्म भरला कॅफेवाल्याने, त्याच्या मागे रांगेत वीस जण. आणि आपण सुशिक्षित मंडळी काय करत होतो? ९० टक्क्यांच्या वरच्यांचे सत्कार! स्टेशनपासून चित्रालयपर्यंत बॅनर. गुणवंत विद्यार्थी, शाल, ट्रॉफी, मध्ये नेत्याचा फोटो मोठा आणि पोराचा छोटा. ज्याला कुणाच्या मदतीची गरज उरलेली नाही त्यालाच आपण हार घालतो. ६२ टक्केवाल्याला कुणी स्टेजवर बोलावत नाही. अहो, बोलावू नका, पण निदान त्याचा फॉर्म तरी भरून द्या!

म्हणून आधी वेटिंगमधल्या पोरांसाठी आणि पालकांसाठी कामाचं चार शब्द.

पहिलं. दुसऱ्या फेरीआधी पसंतिक्रम बदलता येतो. बदला. पहिल्या यादीचे कट-ऑफ पोर्टलवर आहेत, प्रवर्गानुसार. आपले गुण आणि तो आकडा शेजारी ठेवून बघा. दोन-तीन स्वप्नातली, चार-पाच जमण्यासारखी आणि दोन हमखास मिळणारी, अशी दहाच्या दहा भरा. पण एक लक्षात ठेवा : एक नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जिथे रोज जाता येणार नाही ते उगाच हौस म्हणून पहिलं टाकू नका. दोन ते दहामधलं लागलं आणि नको असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. पण थांबायचं ते हिशेब करून, शेजारच्याच्या सांगण्यावरून नाही.

दुसरं. कुणी "जागा धरून ठेवतो, एवढे भरा" म्हणालं तर एक रुपया देऊ नका. यंदा प्रवेश पोर्टलवरूनच आहे, कोट्याचासुद्धा. पोर्टलबाहेर दिलेल्या पैशाला कुणी वाली नाही. मला स्वतःला एका ठिकाणी असं सांगितलं गेलं, म्हणून लिहितोय.

तिसरं. दाखले आत्ताच सेतूत टाका. नाव लागल्यावर दाखला शोधायला गेलात तर मुदत संपते.

चौथं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे अर्जही बघून ठेवा. ते कमीपणाचं नाही, हे तारापूरला सांगायला नको. फिटर, इलेक्ट्रिशियन, आपल्याकडचा एओसीपी म्हणजे केमिकल प्लांटचा ट्रेड, यांना इथे काम आहे, आणि ते हातात प्रमाणपत्र असलेल्या माणसाचं काम आहे. डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 'तोपर्यंत गाळ्यावर' आणि 'आयटीआयला' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाचवं, बारावी झालेल्या दादा-ताईंसाठी. डिग्रीला एका ठिकाणी फी भरून दुसरीकडे वेटिंगला असाल तर यूजीसीची २०१८ ची अधिसूचना लक्षात ठेवा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर सगळी फी परत, प्रक्रियेचे जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापून. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, नंतर काही नाही. आणि मूळ मार्कशीट, दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. हा नियम अकरावीला लागू नाही, डिग्रीला आहे.

सहावं, आईबापांसाठी. पोराला दिवसातून एकदाच विचारा, दहादा नाही. पोर्टल सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायचं, मध्ये मोबाइल बाजूला. यादी मध्यरात्री रिफ्रेश करून बदलत नाही. पाहुण्यांसमोर टक्के काढू नका. पोर जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलत असेल तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लाज वाटायचं कारण नाही. तापाला डॉक्टर लागतो तसंच आहे हे.

आणि आता मागण्या. विनंती म्हणत नाही, मागणी म्हणतोय.

एक. प्रत्येक फेरीनंतर विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये दिसलं पाहिजे : तुम्ही भरलेल्या प्रत्येक कॉलेजात, तुमच्या प्रवर्गात, तुमच्या पुढे किती आणि जागा उरल्या किती. रेल्वेला जमतं ते शिक्षण खात्याला जमलंच पाहिजे.

दोन. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने गेटवर फलक लावावा. शाखेनुसार रिकाम्या जागा, अनुदानित किती, विनाअनुदानित किती, फी किती. खडूने लिहिला तरी चालेल.

तीन. प्रवेश निश्चितीच्या दिवसांत शिक्षण विभागाचं मदत केंद्र बोईसरला बसवा, रविवारीसुद्धा. प्रत्येक कामासाठी कोळगावच्या मुख्यालयात माणसाला खाडा करून बोलावू नका.

चार. तारापूरच्या कंपन्यांनी सीएसआरमधून ट्रॉफ्या वाटणं एक वर्ष बंद करावं. त्या पैशात पाड्यावरच्या पोरांचे प्रवासाचे पास काढावेत. आणि गेटवर वय तपासावं.

पाच, आपल्यासाठी. येत्या शनिवार-रविवारी आपल्या गल्लीतल्या एका तरी पोराचा पसंतिक्रम बसून भरून द्या. एकच. घरात लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे, अर्धा तास आहे. तेवढ्याने बॅनर लागणार नाही, पण एक पोर गेटपासून वाचेल.

त्या मुलीकडे मी काल परत गेलो. या वेळी उपदेश घेऊन गेलो नाही, लॅपटॉप घेऊन गेलो. आम्ही कट-ऑफ काढले, तिचे गुण शेजारी लिहिले. तिने पहिल्यांदा फक्त तीन कॉलेजं टाकली होती, तिन्हींचा आकडा तिच्या वर होता. आता दहा ठरवली. त्यातली निदान चार तिच्या गुणांना जमण्यासारखी आहेत. "तुझ्या पुढे किती" याचं उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. पण वहीत दहा नावं लिहून झाल्यावर तिने आईला हाक मारली आणि चहा ठेवायला सांगितला. माझ्यासाठी आणि स्वतःसाठी.

दुसरी यादी यायची आहे. तोवर तिला कुणी "काय झालं गं?" विचारू नका. विचारायचंच असेल तर वर विचारा. जोरात विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी शेजारच्या पोराचा फॉर्म बघून या.